हिगिन्सला गाता येत नाही

'माय फेअर लेडी' हे नाटक ज्यांनी पाहिलंय त्यांच्यापेक्षा ते नुसतं ऐकलेली माणसं कितीतरी जास्त आहेत. मीही ऐकणाऱ्यांतलीच. न्यूयॉर्कला मी गेलेले नाही, ब्रॉडवेचं थिएटर आतून कसं दिसतं ते फोटोंतच पाहिलंय, आणि या नाटकाचा मूळ प्रयोग बंद झाला १९६२ साली, म्हणजे माझे आईवडीलही तेव्हा जन्मायचे होते. तरी या नाटकातला प्राध्यापक कुठल्या शब्दावर श्वास घेतो, फुलवाली कुठल्या सुरावर किंचित हसते, हे मला पाठ आहे. कारण एकच, १९५६ साली निघालेली एक रेकॉर्ड. आज ती कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर सापडते. हेडफोन लावले की तासाभराच्या आत अख्खं नाटक कानातून जातं.

सत्तर वर्षांपूर्वीची रेकॉर्ड अजून का ऐकावी? चाली गोड आहेत, हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. गोड चालींच्या कितीतरी रेकॉर्ड्स काळाच्या अडगळीत गेल्या. ही टिकली, कारण हे नाटकच मुळात आवाजाबद्दल आहे. माणसाचा आवाज कसा ओळखला जातो, कसा बदलला जातो, त्यावरून त्याची किंमत कशी ठरते, हा त्याचा विषय. असं नाटक डोळ्यांपेक्षा कानांना जास्त कळतं. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे: रंगमंचावरच्या गोष्टीत जो जिंकतो, तो रेकॉर्डवर हरतो.

गोष्ट थोडक्यात

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये फुलं विकणारी एलायझा डूलिटल कामगार वस्तीतलं कॉकनी इंग्रजी बोलते. उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हेन्री हिगिन्स पैज लावतो, की सहा महिन्यांत हिचे उच्चार असे घासूनपुसून देईन की बड्या लोकांच्या समारंभात ही सरदारघराण्यातली म्हणून खपेल. तो पैज जिंकतो. मग ती विचारते, आता माझं काय? त्याच्याकडे उत्तर नसतं.

मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉचं, 'पिग्मॅलियन'. ते पहिल्यांदा १९१३ साली व्हिएन्नात आणि १९१४ साली लंडनमध्ये झालं. शॉ जिवंत होता तोवर त्याने त्याचं संगीतनाटक होऊ दिलं नाही. आपल्या आधीच्या एका नाटकावरून झालेल्या ऑपेरेटाचा त्याला चांगलाच मनस्ताप झाला होता. तो १९५० साली गेला. त्यानंतर ॲलन जे लर्नर (शब्द) आणि फ्रेडरिक लोव (संगीत) या जोडीने 'माय फेअर लेडी' लिहिलं. मॉस हार्टने ते बसवलं. १५ मार्च १९५६ला ते ब्रॉडवेवर उघडलं आणि २,७१७ प्रयोग चालत राहिलं.

रविवारची रेकॉर्डिंग

उद्घाटनानंतर दहा दिवसांनी, २५ मार्चला, रविवारी, सगळा नटसंच आणि वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत जमला. रविवार एवढ्यासाठी, की त्या दिवशी प्रयोग नसायचा. स्टुडिओ म्हणजे एक जुनं चर्च, छत खूप उंच. ग्लेन गूल्डने १९५५ साली बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' इथेच वाजवले होते. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ साली इथेच व्हायचा होता. भिंतींनाच कान होते म्हणायला हरकत नाही.

निर्माता होता गॉडार्ड लीबरसन. तो स्वतः संगीतकार होता आणि कंपनीचा वरिष्ठ अधिकारीही. कोलंबियाची पालक कंपनी सीबीएस हिने या नाटकाचा जवळपास सगळा खर्च उचलला होता, चार लाख डॉलरच्या आसपास. म्हणजे एरवी नाटक आधी, चाललं तर रेकॉर्ड नंतर. इथे रेकॉर्ड काढणाऱ्याच्या पैशावर नाटक उभं होतं. हा सौदा पुढे किती फळला त्याचा हिशोब बिलबोर्डच्या यादीत आहे: पंधरा आठवडे पहिला क्रमांक आणि एकूण ४८० आठवडे यादीत मुक्काम. म्हणजे नऊ वर्षांहून जास्त. त्याच मार्च महिन्यात एल्व्हिस प्रेस्लीचा पहिला अल्बम बाजारात आला होता. रॉक अँड रोल दारात उभा असताना एका उच्चारशास्त्राच्या प्राध्यापकाची रेकॉर्ड घरोघर वाजत होती.

'ओरिजिनल कास्ट रेकॉर्डिंग' हा प्रकार आपल्याकडे तसा रुजला नाही, म्हणून दोन शब्द त्याबद्दल. मराठी संगीत नाटकाची परंपरा ब्रॉडवेपेक्षा लहान नाही, पण आपण ती गाण्यागाण्याने जपली. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्यामुळे बालगंधर्वांचं एक पद इथे, मास्टर दीनानाथांचं एक पद तिथे, असं झालं. नाटक विसरलं गेलं तरी पद राहिलं, आणि पदापेक्षाही गायक राहिला. आजही आपण नाट्यपद कोणी गायलंय ते आधी विचारतो. ते कुठल्या पात्राच्या तोंडी आहे आणि त्या क्षणी त्या पात्राचं काय बिनसलंय, हे विचारणारा विरळाच.

अमेरिकेतही आधी साधारण असंच होतं. १९४३ साली 'ओक्लाहोमा!'ची गाणी मूळ नटांच्या आवाजात तबकड्यांच्या संचात निघाली आणि तिथून ही प्रथा पक्की झाली. कोलंबियानेच १९४८ साली एलपी बाजारात आणली. आता एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावू लागली. मूळ नट, मूळ वाद्यवृंद, गाण्यांचा मूळ क्रम, सगळं एका तबकडीवर. नाटकाची गोष्ट घरात बसून ऐकता येऊ लागली. गाणं पात्राला चिकटून राहिलं, हा त्यातला मोठा फायदा.

एकाला सूर नाही, दुसरीला शब्द नाहीत

हिगिन्सची भूमिका रेक्स हॅरिसनने केली. वय ४८, नावाजलेला नट, आणि गाण्याच्या बाबतीत कोरा. त्याच्यासाठी लर्नर-लोव यांनी बोलता बोलता म्हणायची गाणी रचली. न्यू हेवनला पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बाहेर बर्फाचं वादळ चालू होतं आणि आत हॅरिसन म्हणत होता, की मी या वाद्यवृंदासोबत रंगमंचावर जाणार नाही. अखेर गेला. त्याने शोधलेली युक्ती रेकॉर्डवर स्वच्छ ऐकू येते. तो सुराच्या काठाकाठाने चालतो, पाण्यात उतरत नाही. वाक्य बोलायला सुरुवात करतो, मध्येच एखाद्या शब्दाला सूर लागल्यासारखा वाटतो, लगेच तो पाय मागे घेतो. खाली वाद्यवृंद मात्र अख्खी चाल वाजवत असतो. म्हणजे गाणं आहे, ते त्याच्या भोवती आहे, फक्त त्याच्या तोंडात नाही.

आपल्याकडचा कीर्तनकार निरूपण करता करता अभंगात शिरतो तो क्षण आठवा. बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही, आणि श्रोता त्या क्षणाचीच वाट बघत असतो. हॅरिसन आपल्याला त्या उंबरठ्यावर उभं करतो आणि आत जाऊच देत नाही. 'हॅमिल्टन' पाठ असणाऱ्या मुलामुलींना हे ओळखीचं वाटेल. बोलण्याच्या लयीत नाटक पुढे न्यायचं, ही कल्पना रॅपच्या कितीतरी आधी या पन्नाशीला टेकलेल्या इंग्रज नटाने ब्रॉडवेवर खपवून दाखवली होती.

एलायझा होती वीस वर्षांची ज्युली अँड्र्यूज. तिचं उलटं. गळा लहानपणापासून तयार, पण एवढी मोठी नाट्यभूमिका तिने कधी केलेली नव्हती. तालमीत तिला एलायझा सापडेना. तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्टने बाकीच्यांना सुट्टी दिली आणि अठ्ठेचाळीस तास फक्त तिच्यासोबत काम केलं, एकेक वाक्य, एकेक हालचाल. हे तिने स्वतः पुढे अनेकदा सांगितलंय, आणि कृतज्ञतेने सांगितलंय. एक वयस्क पुरुष एका तरुण मुलीला खोलीत बसवून बोलायला शिकवतोय: नाटकातला प्रसंग नाटकाबाहेर घडत होता.

आता हे दोन आवाज शेजारी ठेवून रेकॉर्ड ऐका. पहिल्या गाण्यात हिगिन्स इंग्रजीच्या दुर्दशेबद्दल तावातावाने बोलतो. पुढचं गाणं एलायझाचं, थंडीत शेकोटीशेजारी उभी राहून एका उबदार खोलीचं स्वप्न बघण्याचं. तिचा प्रत्येक उच्चार हिगिन्सच्या वहीत लाल शाईने खोडण्यासारखा आहे. पण चाल? सरळ, मोकळी, सुरात. अजून तिला कोणी काही शिकवलेलं नाही आणि तिला गाता येतंय. ज्याच्याकडे भाषेचं सगळं ज्ञान आहे त्याला एक ओळ सुरात म्हणता येत नाही.

रंगमंचावर हे कदाचित इतकं जाणवत नसेल. तिथे हिगिन्सचं घर दिसतं, पुस्तकांनी भरलेल्या भिंती दिसतात, एलायझाचे मळके कपडे दिसतात. कोण वर आणि कोण खाली हे डोळे आधीच ठरवून टाकतात. रेकॉर्डवर कपडे नाहीत, घर नाही. दोन आवाज आहेत, आणि त्यांतला श्रीमंत आवाज फुलवालीचा आहे. नाटकभर तो तिला बोलायला शिकवतो. रेकॉर्डभर तो तिच्यापाशी गायला शिकू बघतो. शेवटचं गाणं त्याचं आहे. तिच्या चेहऱ्याची आपल्याला सवय झालीय, एवढंच त्याला कबूल करायचंय आणि तेही त्याच्या जिवावर येतंय. त्या गाण्यात तो पहिल्यांदा सुराच्या अगदी जवळ येतो. मध्येच रागावून पुन्हा बोलायला लागतो, ती परत येईल तेव्हा तिला कसं हाकलीन याची चित्रं रंगवतो, आणि पुन्हा तीच चाल त्याला ओढून घेते. गाणं न येणाऱ्या माणसाने गाणं म्हणावं लागणं, याहून मोठी हार काय असते?

रेकॉर्डवर नसलेला समारंभ

एलपीला दोन बाजू असतात ही गोष्ट आता लक्षात ठेवावी लागते, ॲपवर सगळी गाणी एका रांगेत येतात. पहिली बाजू संपते ती एलायझाच्या आनंदाच्या गाण्यावर. तिला पहिल्यांदा उच्चार जमलेत, रात्र झालीय, नोकरमाणसं तिला झोपायला पाठवतायत आणि तिला झोप येत नाहीये. अँड्र्यूजचा आवाज शेवटच्या वरच्या सुरावर जातो आणि तबकडी थांबते. उठून बाजू बदलायची. दुसऱ्या बाजूला पहिल्यांदा काय ऐकू येतं? ॲस्कटच्या शर्यतीला आलेले उमराव, घोडे धावतायत तरी पापणी न हलवता, बर्फाच्या लादीसारख्या सुरात आपल्या उत्साहाचं वर्णन करतायत. जिथे पोचायचं म्हणून ती मुलगी रात्रभर नाचायला तयार होती, ते हे ठिकाण. नाटकातलं मध्यंतर इथे नाही, ते बरंच पुढे आहे. हे मध्यंतर एलपीने तयार केलं आणि माझ्या मते ते नाटकातल्या मध्यंतरापेक्षा जास्त बोलकं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या समारंभासाठी सगळा खटाटोप चालला, तो रेकॉर्डवर नाहीच. तिथे गाणं नाही, म्हणून तो वगळला गेला. आपल्याला समारंभ कळतो तो थेट दुसऱ्या दिवसासारखा, पुरुषांच्या तोंडून. कर्नल पिकरिंग हिगिन्सचं अभिनंदन करतो, हिगिन्स नको नको म्हणत ते स्वीकारतो, नोकरचाकर सुरात सूर मिसळतात. सगळं श्रेय त्यांचं. आणि एलायझा? ती त्याच खोलीत आहे, पण अख्ख्या गाण्यात तिचा आवाज नाही. रंगमंचावर ती निदान कोपऱ्यात उभी दिसते. रेकॉर्डवर ती नाहीशी होते. माणूस गप्प आहे हे कानाला ऐकवण्याचा दुसरा मार्गच नसतो.

म्हणून लगेच येणारं तिचं गाणं कानशिलात बसल्यासारखं लागतं. फ्रेडी नावाचा भाबडा प्रेमिक तिला शब्दांची फुलं वाहतोय आणि ती त्याच्यावर उसळते: शब्द, शब्द, शब्दांचा वीट आलाय मला. सहा महिने तिच्या तोंडात शब्द कोंबलेत, अजून काय होणार?

'गेल्ते'

मी परभणीकडची. शाळेपर्यंत माझ्या बोलण्यात काही चुकतंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजसाठी पुण्याला आले आणि पहिल्याच महिन्यात कळलं की 'मी काल गेल्ते' म्हटलं की वर्गात खसखस पिकते. वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला एक सर होते. शिकवायचे मन लावून. माझा 'गेल्ते' त्यांनी दोन आठवड्यांत 'गेले होते' केला, हेल काढून टाकला, 'काय करायलास' बंद झालं. मला बक्षीस मिळालं. ते हरखून सगळ्यांना सांगत होते, ही आली तेव्हा कशी बोलायची माहितीये का? आणि माझ्या जुन्या बोलण्याची नक्कल करून दाखवायचे. मी शेजारी उभी. सुट्टीत घरी गेले तर आज्जी म्हणाली, "बाई, तू टीव्हीतल्यावानी बोलायलीस."

ही तक्रार म्हणून सांगत नाही. त्या शिकवण्याचा मला उपयोग झाला, होतोही. पण त्यामुळे ही रेकॉर्ड मला कधीच लंडनच्या जुन्या जमान्यातली गोड गोष्ट वाटली नाही. तुमच्यापैकी कोणी कॉल सेंटरमध्ये काम केलं असेल तर 'ॲक्सेंट न्यूट्रलायझेशन' हा शब्द ऐकला असेल. उच्चारातून गावाचा वास काढून टाकण्याचं ते प्रशिक्षण. हिगिन्सचा अभ्यासवर्ग अजून चालू आहे, फी तेवढी वेगवेगळी.

आणि हिगिन्स काही निव्वळ कल्पनेतला नव्हता. शॉने 'पिग्मॅलियन'च्या रंगसूचनांमध्ये त्याच्या प्रयोगशाळेत ग्रामोफोनचा पूर्वज फोनोग्राफ ठेवला आहे, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारा. नेमक्या त्याच काळात, १९१३पासून पुढे, ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणासाठी आपल्याकडच्या भाषा-बोलींचे नमुने ग्रामोफोनवर मुद्रित केले जात होते. आवाज टिपायचा, वर्ग पाडायचे, खण करून ठेवायचे. फरक एवढाच की सर्वेक्षणाने बोली दुरुस्त करायला घेतली नाही.

या रेकॉर्डवर माझा एक आक्षेपही आहे, तो लपवत नाही. ज्युली अँड्र्यूजचं स्वतःचं इंग्रजी आधीपासून नीटनेटकं होतं. म्हणजे रेकॉर्डवरची कॉकनी हा वेष आहे आणि 'सुधारलेली' भाषा हा खरा चेहरा. शिकणं-बदलणं म्हणून आपण जे ऐकतो ते प्रत्यक्षात वेष उतरवणं आहे. खऱ्या एलायझाचं याच्या नेमकं उलट होतं: तिचा खरा चेहरा जुना असतो आणि नवा वेष आयुष्यभर सांभाळावा लागतो. दमल्यावर, रागावल्यावर, फोनवर आईशी बोलताना तो सुटतो. हे ओझं अँड्र्यूजच्या निर्मळ सुरात फारसं ऐकू येत नाही. तिचा आवाज कधी अडखळत नाही.

पण नाटकाने तेवढी फट ठेवली आहे आणि ती मजेदार आहे. भाषेच्या शुद्धतेचा हा मक्तेदार पहिल्याच गाण्यात, भाषेचा खून करणाऱ्या या बाईला फाशी द्यायला हवं असं म्हणताना, फाशीसाठी इंग्रजीत जे रूप वापरावं लागतं तेच चुकवतो. 'हँग्ड'च्या जागी 'हंग'. यमक जुळवायच्या नादात लर्नरकडून हे झालं असणार. ते काहीही असो, मला दरवेळी ते ऐकून बरं वाटतं.

मंजुळेचा राग

मराठीत ही गोष्ट पु. ल. देशपांड्यांनी आणली, 'ती फुलराणी', १९७५ साली. मंजुळा झाली भक्ती बर्वे, प्राध्यापक अशोक जहागीरदार झाले सतीश दुभाषी. ते 'पिग्मॅलियन'चं रूपांतर, संगीत नाटक नव्हे. पण त्यातलं जे सगळ्यांना पाठ आहे, ते मंजुळेचं स्वगत, मास्तरला धडा शिकवायची शपथ घेणारं, त्याचं मूळ शॉच्या नाटकात शोधून सापडत नाही. शॉने शिकवणीचे ते कष्टाचे महिने बहुतांश पडद्याआड ठेवलेत. एलायझा एकटी उभी राहून मास्तरच्या नावाने बोटं मोडते, त्याच्या दुर्दशेची चित्रं रंगवते, हा प्रसंग 'माय फेअर लेडी'च्या गाण्यातला आहे. पुलंनी त्याला लयबद्ध, यमकांनी ठासून भरलेल्या बोलण्याचं रूप दिलं, असं मी दोन्ही शेजारी ठेवून म्हणते. तिकडे प्राध्यापक गाणं बोलून दाखवतो. इकडे मंजुळा बोलणं जवळजवळ गाऊन दाखवते.

आणि आपल्याकडची 'ओरिजिनल कास्ट रेकॉर्डिंग' कुठली म्हणाल तर मला तेच सुचतं: भक्ती बर्वेंच्या आवाजातलं ते स्वगत. भक्ती बर्वे २००१ साली गेल्या. त्यांच्यानंतर मंजुळा अनेकींनी केली, चांगली केली. गेली कित्येक वर्षं गॅदरिंगला, एकपात्री स्पर्धेला कोणी ना कोणी मुलगी ते स्वगत घेऊन उभी राहते, आणि ती भक्ती बर्वेंचेच चढउतार काढत असते, तिने त्यांना पाहिलेलं नसलं तरी. पहिल्या आवाजाची ही ताकद असते. तो भूमिकेच्या आत राहायला येतो आणि पुढच्या भाडेकरूंना त्याच्या सामानासकट राहावं लागतं.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा

हा पहिलेपणा तपासून बघायची सोय 'माय फेअर लेडी'ने स्वतःच करून ठेवली आहे. १९५६ची रेकॉर्ड मोनो आहे. लवकरच स्टिरिओचा जमाना आला. नाटक १९५८ साली लंडनला गेलं, तेव्हा तेच मुख्य नट घेऊन १९५९ साली स्टिरिओत पुन्हा सगळं मुद्रित झालं. दोन्ही ॲपवर आहेत. एक संध्याकाळ देऊन लागोपाठ ऐका. लंडनच्या रेकॉर्डमध्ये आवाज ऐसपैस आहे, वाद्यं डावी-उजवीकडे पसरली आहेत. हॅरिसन मात्र आता निवांत झालाय. हशा कुठे येणार हे त्याला ठाऊक आहे आणि तो त्यासाठी जागा सोडतो. न्यूयॉर्कच्या रेकॉर्डवर तो घाईत आहे, वाद्यवृंद निघून जाईल की काय अशी धास्ती प्रत्येक ओळीखाली आहे. अँड्र्यूजचंही तसंच. लंडनमध्ये ती भूमिका आली आहे असं गाते, न्यूयॉर्कमध्ये भूमिका नुकतीच सापडली आहे असं गाते. नाटकही एका नुकत्याच शिकलेल्या मुलीचं आहे. म्हणून मी मोनोच्या बाजूने आहे.

तिसरी पायरी १९६४चा सिनेमा. हॅरिसन होता, पण अँड्र्यूज पडद्यावर पुरेशी प्रसिद्ध नाही म्हणून एलायझा ऑड्री हेपबर्नला मिळाली, आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात भरली गेली. आवाज बदलून माणूस दुसराच करण्याच्या गोष्टीवर सिनेमा काढताना त्यांनी नायिकेचाच आवाज बदलला. हॅरिसनची गाणी मात्र प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित करावी लागली, टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून, कारण तो एकच गाणं दोनदा सारखं म्हणू शकत नसे. त्याच वर्षी 'मेरी पॉपिन्स' आला आणि ऑस्कर अँड्र्यूजला मिळालं.

अँड्र्यूजची एलायझा मुख्यतः या दोन रेकॉर्ड्समध्येच उरली. १९९७ साली घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा गाण्याचा आवाज गेला, कायमचा. म्हणजे त्या रविवारी स्टुडिओत जो गळा होता तो आज खुद्द तिच्याकडेही नाही.

यंत्र बंद करणारी

रेकॉर्डच्या वेष्टनावर अल हर्शफेल्डचं व्यंगचित्र आहे. ढगात बसलेला दाढीवाला शॉ दोऱ्या हलवतोय, त्याच्या दोऱ्यांवर हिगिन्सचा बाहुला, हिगिन्सच्या दोऱ्यांवर एलायझाची बाहुली. मोबाईलच्या पडद्यावर ते नखाएवढं दिसतं. मोठं करून बघा. मला नेहमी वाटतं, या चित्रात सगळ्यात खाली अजून एक बाहुली हवी होती, हेडफोन लावलेली.

कारण नाटकाचा शेवट आठवा. शॉच्या मूळ नाटकात एलायझा निघून जाते. ती हिगिन्सशी लग्न करणार नाही, हे शॉने पुढे स्वतंत्र लेख जोडून बजावलं. १९३८च्या सिनेमाने ती परत आल्याचं दाखवलं आणि 'माय फेअर लेडी'ने तोच शेवट उचलला. ती परत येते हे मला आजही पटत नाही. पण ती कशी परत येते ते बघण्यासारखं आहे. रिकाम्या घरात हिगिन्स यंत्र सुरू करतो. त्याने पहिल्या दिवशी टिपलेला एलायझाचा आवाज वाजू लागतो, तोच गावंढळ, तोच न सुधारलेला. ज्याने तो आवाज पुसण्यासाठी जिवाचं रान केलं, तो मान खाली घालून तोच ऐकत बसतो. एलायझा दारातून येते, यंत्र बंद करते, आणि रेकॉर्डवरचं अर्धवट राहिलेलं बोलणं स्वतःच पूर्ण करते. त्याच जुन्या बोलीत, हळूच.

दोन्ही भाषा आता तिच्या आहेत आणि कुठली कधी बोलायची ते ती ठरवते, असा मी त्याचा अर्थ लावते. आज्जीशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून 'गेल्ते' येतं तेव्हा ते सुटलेलं नसतं, मी ते निवडलेलं असतं. वक्तृत्वाच्या सरांनी ही गोष्ट शिकवली नव्हती. ती मला या प्रसंगाने शिकवली.

आणि हिगिन्स? तो त्या खोलीत एकटा बसून एका बाईचा टिपलेला आवाज पुन्हा पुन्हा ऐकतो. सत्तर वर्षं आपण सगळे नेमकं तेच करतोय.